म्हणे डॉक्टरने फक्त पेशंट बघावा!

"डॉक्टरने पेशंट बघावा, पर्यावरणासाठी वनखातं आहे" असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. म्हणणं असं की मेडिकल एथिक्समध्ये पर्यावरण हे नवं फॅड आहे, हॉस्पिटलचं प्रदूषण ते असून असून किती असणार, आणि या नादात पेशंटचं औषध तोडलं जाईल.

फॅड नवं नाहीये. १९७० मध्ये बायोएथिक्सची, म्हणजे जीवशास्त्राला नीतीची जोड देणाऱ्या विचाराची, कल्पना मांडणारा व्हॅन रेन्सलेअर पॉटर हा अमेरिकेतला कॅन्सर संशोधक, आणि त्याच्या मांडणीत माणूस नि निसर्ग दोघं टिकणं हेच मुळात होतं, संमतीपत्रं अन् व्हेंटिलेटरपुरता विषय नंतर आक्रसला.

प्रदूषण किती? जगातल्या हरितगृह वायूंपैकी साधारण ४-५ टक्के आरोग्यसेवेचे. भूल द्यायला वापरतात तो डेस्फ्लुरेन वायू शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या अंदाजे २५०० पट तापवतो. स्कॉटलंडने २०२३ मध्ये तो बंद केला, ऑपरेशनं काही थांबली नाहीत.

आता औषध तोडण्याचं. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचं उदाहरण घ्या. हे दिलेली गुरं मेली की गिधाडं ती खायची आणि किडनी निकामी होऊन मरायची, हे २००४ मध्ये सिद्ध झालं, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं आपल्याकडे जवळजवळ संपलीच होती. २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या सर्रास गोठ्यात जायला लागल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शन ३ मिलीपुरतं केलं. माणसाचा एक डोस तेवढाच असतो हो! गुरांना त्याऐवजी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक आहेच, ते गिधाडांना चालतं. कुणाचं काय तोडलं? उलट गिधाडं संपल्यावर गुरांची मढी सडली, पाणी खराब झालं, भटकी कुत्री वाढली, आणि २००० ते २००५ मध्ये यापायी सुमारे ५ लाख जास्तीची माणसं दगावली असा अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. अंदाजच आहे, पण निम्मा धरला तरी ती माणसंच ना?

एक मात्र मान्य. दम्याचा जोराचा अटॅक आलेल्याला किंवा लहान मुलाला स्प्रेचा पंपच लागतो, आणि त्यात औषध ढकलायला हरितगृह वायू असतो, पण तिथे वायूचा हिशोब करत बसणारा डॉक्टर मूर्खच म्हणायचा. पण ज्यांना पावडरचा रोटाहेलर नीट ओढता येतो त्यांना तो द्यायला काय हरकत आहे, त्यात तो वायूच नसतो.