मिरच्या भाजल्या का?

शर्टाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गुंडीच्या दरम्यान, श्वास आत ओढला की, अजूनही कळ येते. ज्या डोक्यामुळे ती येते त्या डोक्याचे वय चौऱ्याहत्तर वर्षे आहे, हे डॉक्टरांना सांगताना मला जी लाज वाटली तिची भरपाई कुणाकडे मागावी, हे मला अद्याप समजलेले नाही.

प्रसंग साधा होता. गेल्या रविवारी भुसावळजवळ तापीकाठच्या नानांच्या केळीच्या मळ्यात आमची भरीत पार्टी ठरली होती. जमलेली मंडळी कधीकाळी रेल्वेच्या मैदानावर फुटबॉल खेळलेली, म्हणजे आता गुडघ्याला पट्टा बांधणारी. मी त्यांच्यात सर्वांत लहान, बावन्न वर्षांचा. अशा मंडळींत गोलांच्या आठवणी निघत असतील असे कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. कोणता गोल कुणी केला हे यांना आठवत नाही; पण कुणी कुणाच्या नाकावर ठोसा मारला, तो डाव्या हाताचा होता की उजव्या, आणि त्या वेळी रेफरी कुठे पाहत होता, हे सारे तारीखवार तोंडपाठ असते.

या दरबाराचे प्रमुख म्हणजे गार्डसाहेब. आयुष्यभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून त्यांनी नोकरी केली, आणि २०२२ मध्ये रेल्वेने गार्ड हे पदनाम बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केले तेव्हा, स्वतः निवृत्त होऊन दहा वर्षे झालेली असूनही, ते दोन दिवस जेवले नाहीत. त्यांची शिटी अजून त्यांच्या गळ्यात असते. खिशात लाल आणि हिरव्या कापडाचे दोन तुकडे असतात, आणि गप्पांमध्ये कोण बोलणार व कोण थांबणार हे ते या साधनांनी ठरवतात. बोलणाऱ्याचे वाक्य लांबले की लाल कापड वर जाते. त्यांचे स्वतःचे वाक्य मात्र भुसावळहून निघालेल्या मालगाडीसारखे असते, मध्ये कितीही सिग्नल लागले तरी ते खंडव्यापर्यंत जातेच.

फुटबॉलमधली ताकीद देणारी पिवळी आणि बाहेर काढणारी लाल कार्डे ही रेल्वेची चोरी आहे, असा त्यांचा सिद्धान्त आहे. वस्तुस्थिती अशी की १९६६ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध खेळताना अर्जेंटिनाच्या रातीनला जर्मन रेफरीने बाहेर काढले आणि तो बराच वेळ बाहेर जाईना, कारण दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्या स्पर्धेतील रेफरींची जबाबदारी सांभाळणारे केन ॲस्टन यांना नंतर लंडनमध्ये गाडी चालवताना रस्त्यावरच्या सिग्नलवरून कार्डांची कल्पना सुचली, आणि १९७० मध्ये मेक्सिकोत ती पहिल्यांदा वापरात आली. “रस्त्यावरच्या सिग्नलला सिग्नल कुणी शिकवला भो?” असे गार्डसाहेब विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता शिटी वाजवतात. मेक्सिकोतल्या त्या स्पर्धेत लाल कार्ड एकालाही दाखवावे लागले नाही, हे सांगताना त्यांचा आवाज कातर होतो. सिग्नल बसवला आणि सेक्शनमध्ये अपघातच झाला नाही, याहून मोठे सुख गार्डाच्या जातीला माहीत नसते.

त्या रविवारी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजायला पडली आणि गार्डसाहेबांनी १९६२ उघडले. २ जून १९६२, विश्वचषक, सान्तियागो, चिली विरुद्ध इटली. त्या दिवशी गार्डसाहेब दहा वर्षांचे होते आणि वरणगावला मामाकडे आंबे खात होते. पण सांगतात असे, की जणू त्या मैदानाच्या झेंड्याला टेकून उभे होते. सामन्यापूर्वी दोन इटालियन पत्रकारांनी सान्तियागो शहराविषयी वाटेल ते लिहिले होते आणि सारा चिली पेटला होता. हा भाग आला की आमच्यातला प्रत्येक जण समजूतदारपणे मान हलवतो, कारण उद्या कुणा पुण्याच्या माणसाने खानदेशी भरितात टोमॅटो घालतात असे छापले, तर तापीकाठीही पोलीस बोलवावे लागतील. (आमच्या भरितात मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि कोथिंबीर असते. हे मी येथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर वाद नको.)

“इटलीच्या फेरिनीला काढला, पण तो जाऊनच नाही राहिला ना भो! पोलीस आले आणि त्याला धरून नेला!” असे म्हणत गार्डसाहेबांनी पीटीच्या सरांना बखोटीला धरून विहिरीपर्यंत नेले आणि परत आणले. नंतर इटलीच्याच मास्कियोचे नाक आले. चिलीच्या लिओनेल सांचेसने ठोसा मारून ते मोडले, आणि सांचेसचे वडील मुष्टियोद्धे होते हे सांगताना गार्डसाहेबांच्या चेहऱ्यावर असा भाव होता, की जणू मुलाने वडिलांचे दुकान नीट सांभाळले. तो सांचेस बाहेर गेलाच नाही. बाहेर काढले गेले ते दोघेही खेळाडू इटालियन, चिली २–० असे जिंकले, आणि तो सामना सांभाळणारे रेफरी हेच ते केन ॲस्टन. पण मास्कियोला त्या नाकाने पुढे वास येत होता की नाही, हे आमच्या दरबारात आजवर कुणीही विचारलेले नाही.

मला खरे तर याच गोष्टीचा राग आहे, आणि तो या रविवारच्या आधीपासूनचा आहे. १९८२ चे सेविल घ्या. ८ जुलै, विश्वचषकाचा उपान्त्य सामना, पश्चिम जर्मनी आणि फ्रान्स. फ्रान्सचा बदली खेळाडू म्हणून आलेला बातिस्तों चेंडूमागे धावत सुटला आणि जर्मन गोलरक्षक शुमाकर हवेत झेपावून त्याच्यावर आदळला. बातिस्तों बेशुद्ध पडला, त्याचे दात गेले, मणक्याला इजा झाली. त्याचा जीव गेला असे कर्णधार प्लातिनीला वाटले. रेफरीने काय दिले? गोल किक. म्हणजे खेळ शुमाकरनेच पुन्हा सुरू केला, पुढे शूटआउटमध्ये पेनल्ट्याही त्यानेच अडवल्या, आणि अंतिम सामन्यात जर्मनी गेली. आमची मंडळी हा प्रसंग सांगतात तेव्हा शुमाकरच्या उडीची उंची हाताने दाखवतात. बातिस्तोंचे दात कुणी दाखवत नाही.

तर असे विचार मनात चालू असताना गार्डसाहेबांची गाडी २००६ च्या बर्लिनला पोहोचली. ९ जुलै, विश्वचषकाचा अंतिम सामना, फ्रान्स आणि इटली, एकशेदहावे मिनिट, १–१ अशी बरोबरी. फ्रान्सचा झिदान पुढे चालला आहे, मागून इटलीचा मातेराझी काही बोलतो, झिदान वळतो आणि डोक्याने त्याच्या छातीवर धडक देतो. येथे प्रात्यक्षिक अटळ होते. पीटीचे सर विहिरीच्या सहलीने दमलेले होते. नाना वांगी सोलत होते. मी वांगी ठेचायची लाकडी बडगी घेऊन चुलीकडे जात होतो, आणि माझा दोष असेल तर एवढाच की जाता जाता मी विचारले, “मिरच्या भाजल्या का?”

गार्डसाहेब वळले. पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. त्यांच्या टकलावर पडलेले ऊन, मग छातीत एखाद्याने नारळ फोडावा तसा आवाज, मग आकाश, मग पाठीखाली वांग्यांच्या जळक्या सालींचा ऊबदार ढीग. शर्ट नवा होता आणि फिकट बदामी होता.

शिटी वाजली. मला वाटले, आता कुणी तरी हात देईल. गार्डसाहेबांनी खिशातून लाल कापड काढले आणि, मी हे शपथेवर सांगतो, मला दाखवले.

“तू काही तरी बोलला असशीन.”

मी म्हणालो की मी मिरच्यांबद्दल विचारले. यावर मंडळींनी माझ्याकडे ज्या दयेने पाहिले, तशी दया मी केवळ विनातिकीट प्रवाशांच्या वाट्याला आलेली पाहिली आहे. पीटीच्या सरांनी उठून विचारले, “शब्द जाऊ द्या, सूर कसा होता?” नानांचे मत पडले की वयस्कर माणूस उगाच धडक देत नाही. बर्लिनमध्ये ती धडक मुख्य रेफरीने पाहिली नव्हती, चौथ्या पंचाने त्याला सांगितली. आमच्याकडे ते काम नानांच्या भाच्याच्या मोबाइलने केले. त्याने सारे टिपले होते. ते चित्रीकरण सात वेळा पाहिले गेले, त्यांपैकी चार वेळा संथ गतीने, आणि प्रत्येक वेळी हे सिद्ध झाले की धडकेच्या लगेच आधी माझे तोंड उघडे होते. चौकशी तेथेच संपली. गार्डसाहेबांना कुणी बसायला सतरंजी दिली, कुणी पाणी दिले, कुणी त्यांचे कपाळ चोळून दिले. मी सालींतून स्वतः उठलो.

पंगतीत मी शेवटी बसलो, कारण पाठ धुवायला वेळ लागला. तोवर भरीत संपले होते. कळण्याची भाकरी होती, ती मी ज्या मिरच्यांबद्दल विचारले होते त्यांच्याबरोबर खाल्ली. त्या नीट भाजलेल्या नव्हत्या.

घरी पत्नीने शर्ट उजेडात धरून पाहिला आणि विचारले, “पण तुम्ही नेमकं बोललात काय?” मी उत्तर दिले नाही. मातेराझीला हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला गेला. त्याच अंतिम सामन्यात फ्रान्सशी बरोबरी साधणारा गोल त्याचा होता, पण तो कुणाच्या लक्षात नाही. झिदानला मात्र बाहेर काढले जाऊनही स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला, आणि २०१२ मध्ये पॅरिसला पॉम्पिदू केंद्रासमोर त्या धडकेचा पाच मीटरहून उंच पुतळाही उभा राहिला. त्या पुतळ्यात निदान मातेराझी तरी आहे. नानांच्या भाच्याने मोबाइलवरून साऱ्या गावाला जे पाठवले आहे त्यात माझे डोके कापले गेले आहे, आणि खाली लिहिले आहे, ‘आपले गार्डसाहेब, वय वर्षे ७४’.

काल रात्री गार्डसाहेबांचा फोन आला. छाती कशी आहे असे ते विचारतील, म्हणून मी थोडा कण्हतच बोललो. ते म्हणाले, “येत्या रविवारी पुन्हा मळ्यात. ब्याऐंशी घ्यायचंय. तुले आता सराव झालाय भो. दात खरेच आहेत ना तुझे?”

मी येणार नाही, असे मी स्पष्ट सांगितले. फोन ठेवण्यापूर्वी, शुमाकर कोण होणार, एवढे मात्र विचारून घेतले.