लकी-फ्लो, डीव्हीडी आणि ‘पब्लिसिटी स्टंट’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

डीव्हीडी हुंगणाऱ्या कुत्र्यांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. उत्तर लांबलं म्हणून वेगळं टाकतोय. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. कुत्र्याला ओरिजिनल आणि पायरेटेड डिस्कमधला फरक कळतच नाही, म्हणजे हा सगळा हॉलिवूडवाल्यांचा पब्लिसिटी स्टंट. मुक्या जनावरांना कंपन्यांच्या धंद्यासाठी राबवलं आणि वर त्यांच्या जिवावर बेतलं. पकडले जातात ते पोटासाठी विकणारे गरीब लोक. आणि आता डीव्हीडी घेतंय कोण, मग एवढं कौतुक कशाला? तुम्ही कार्गोमध्ये नोकरी केलीय, लोकांची पार्सलं फोडून बघणं काय असतं ते जवळून पाहिलंय, असंही तुम्ही लिहिलंय.

पहिली गोष्ट, फरक कळत नाही हे शंभर टक्के खरं आहे. तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तर मीच देतो. मे २००६ मध्ये लंडनजवळच्या स्टॅनस्टेड एअरपोर्टवर, फेडएक्सच्या हबमध्ये, या जोडीला पहिल्यांदा खऱ्या पार्सलांवर सोडलं. लकी आणि फ्लो म्हणजे दोन काळे लॅब्राडॉर, उत्तर आयर्लंडच्या नील पॉवेल यांनी जवळजवळ आठ महिने शिकवून तयार केलेले, आणि पैसा अमेरिकेतल्या मोशन पिक्चर असोसिएशन या हॉलिवूड कंपन्यांच्या संघटनेचा व ब्रिटनमधल्या फॅक्ट या पायरसीविरोधी संस्थेचा. कुत्र्यांनी डिस्क असलेली पाकिटं बरोबर काढून दिली, ती उघडली, आणि आतला माल कायदेशीर निघाला. पत्रकारांनी तेव्हाही हेच लिहिलं होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

का कळत नाही तेही बघा. घरात एखादी जुनी डीव्हीडी पडली असेल तर हातात घ्या. १.२ मिलिमीटर जाडीची ती चकती म्हणजे पॉलीकार्बोनेटच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत थर, आणि चिकटवायचं रेझिन अल्ट्राव्हायोलेट लाईटखाली पक्कं केलेलं. कुत्र्याच्या नाकाला मिळतं ते या सगळ्या केमिकल मालाचं, आणि ते ओरिजिनल आणि चोरीच्या डिस्कमध्ये जवळजवळ सारखंच असणार, कारण मुख्य माल सारखाच आहे. फरक दिसतो तो डोळ्यांना. मधल्या भोकाभोवतीची पारदर्शक रिंग उजेडात तिरपी धरली की बारीक अक्षरांत कोड कोरलेला दिसतो, कुठल्या फॅक्टरीच्या कुठल्या साच्यातून ती निघाली त्याचा. १९९४ पासून ही पद्धत आहे. पायरेटेड माल काढणारे हा कोड खरवडून टाकतात किंवा मुळातच घालत नाहीत. कॉम्प्युटरवर बर्न केलेली डिस्क असेल तर खालची बाजू जांभळट झाक मारते. मलेशियात २००० सालच्या ऑप्टिकल डिस्क कायद्याने लायसन्स आणि कोड दोन्ही सक्तीचे केले, आणि मालावर सरकारी होलोग्रामचं स्टिकरही लागायचं. म्हणजे चोरीची डिस्क ओळखायला माणूस पुरेसा होता आणि साधनंही होती. अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी: माल सापडायचाच नाही.

आणि इथे आपलं पटत नाही. तुम्ही कुत्र्याला “ही डिस्क चोरीची आहे का” असं विचारताय, आणि त्याला उत्तर आलं नाही म्हणून त्याला नापास करताय. त्याला विचारायचा प्रश्न आहे “इथे डिस्क कुठे आहेत?” स्टॅनस्टेडला तो प्रश्न निरुपयोगी होता, कारण कुरिअरच्या गोदामात डिस्क असणं हा गुन्हाच नाही. पण मार्च २००७ मध्ये जोहोर बारूला काय झालं बघा. सिंगापूरच्या अगदी समोरचं मलेशियातलं शहर, तिथल्या एका ऑफिस कॉम्प्लेक्सवर धाड होती आणि धाडीत ही जोडी होती. दहा लाखांच्या आसपास डिस्क हाती लागल्या, किंमत सुमारे तीस लाख डॉलर धरली गेली, आणि सहा जणांना अटक झाली. तिथे आत जायचा अधिकार आधीच होता, संशयही आधीच होता. असल्या धंद्यात काउंटरवर नुसती कव्हरं ठेवतात, गिऱ्हाईकाने बोट दाखवलं की पोऱ्या पळत जाऊन दुसरीकडून डिस्क आणतो, आणि ते ‘दुसरीकडे’ म्हणजे कुलूपबंद खोली असते, नाहीतर खोट्या भिंतीमागची जागा किंवा वरचा माळा. दहा माणसं दिवसभर भिंती ठोकत बसतील तिथे शिकवलेला कुत्रा दाराच्या खालच्या फटीशी नाक लावून काही मिनिटांत जागा दाखवतो. पुढचं काम, म्हणजे कोड बघणं, स्टिकर बघणं, पंचनामा, ते माणसांचंच.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. मुंबई पोलिसांच्या श्वान पथकातला झंजीर, तोही लॅब्राडॉर, १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने तीन हजार किलोंपेक्षा जास्त आरडीएक्स शोधून दिलं. तिथे वास सापडला म्हणजे गुन्हा सापडला, कारण बॅगेत आरडीएक्स घेऊन कोणी कायदेशीरपणे हिंडत नाही. डिस्कचं तसं नाही. म्हणून माझं मत असं आहे, आणि लेखात ते आलंय पण इथे ठळक करतो, की आरडीएक्सचा कुत्रा स्टेशनवर, एअरपोर्टवर, गर्दीत कुठेही फिरवा, पण डिस्कचा कुत्रा फक्त झडतीचा हुकूम हातात असलेल्या जागी न्यायचा. सरसकट लोकांच्या पार्सलांवर सोडायचा नाही. कुणीतरी बहिणीला लग्नाची सीडी पाठवतो आणि ती वासावरून फोडली जाते, हे मला अजिबात मान्य नाही. तुमच्या कार्गोच्या अनुभवातून आलेला राग इथे पूर्ण रास्त आहे आणि त्या बाबतीत मी तुमच्याच बाजूला उभा आहे. फक्त त्या रागात तुम्ही जोहोर बारूचं कामही मोडीत काढताय, ते मला पटत नाही.

पब्लिसिटीचं म्हणाल तर हो, पब्लिसिटी भरपूर केली. कॅमेरे बोलावले, फोटो काढले, ऑगस्ट २००७ मध्ये मलेशियन सरकारने समारंभ करून मेडल घातली. त्यात हॉलिवूडचा स्वार्थ होताच. पण नुसता देखावा असता तर मेडलनंतर विषय संपला असता. तसं झालं नाही, २००८ मध्ये मलेशियाने पॅडी आणि मॅनी हे स्वतःचे दोन कुत्रे या कामावर घेतले. आणि नुसत्या देखाव्यावर कुणी सुपारी देत नाही हो! जोहोर बारूच्या धाडीनंतर लकी आणि फ्लोला मारणाऱ्याला बक्षीस लावल्याची बातमी आली, आकडा एक लाख रिंगिटचा होता, आणि त्यांचा बंदोबस्त वाढवावा लागला. ज्यांचा माल बुडाला त्यांना ही जोडी काय करू शकते ते नेमकं कळलं होतं.

तुमचा गरिबांचा मुद्दाही इथेच येतो. फूटपाथवर पंचवीस डिस्क मांडून बसलेल्या पोराला उचलून काही साधत नाही हे मलाही पटतं. पण दहा लाख डिस्कचा साठा ऑफिस कॉम्प्लेक्समध्ये ठेवणारा गरीब नसतो, आणि अशा साठ्यापर्यंत पोचायला कुत्रा कामाला येतो. आपल्या महाराष्ट्राने २००९ मध्ये दुसरा रस्ता धरला, झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठीच्या १९८१ च्या एमपीडीए कायद्यात व्हिडिओ पायरेट्सना घातलं. म्हणजे खटला चालायच्या आधीच माणूस वर्षभरापर्यंत स्थानबद्ध. मला विचाराल तर माणूस आत टाकण्यापेक्षा माल शोधून काढणं कितीतरी बरं.

आता कुत्र्यांचे हाल. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही, कारण या लेखाकडे मी वळलो तोच कुत्र्यांपायी. हुंगायचं काम शिकवताना मारझोड करून चालतच नाही, घाबरलेला कुत्रा नीट हुंगत नाही. वास सापडला की टेनिस बॉल मिळतो, एवढाच सगळा सौदा, आणि लॅब्राडॉरला बॉलपुढे जगात दुसरं काही दिसत नाही हे ज्यांनी पाळलाय त्यांना सांगायला नको. खरी काळजी वेगळीच आहे. मलेशियाच्या दमट उकाड्यात कुत्रा तोंड उघडून धापा टाकायला लागतो, आणि धापा टाकताना नाकाने हुंगणं कमी होतं. तेव्हा चांगला हँडलर त्याला लगेच बाहेर काढतो, पाणी देतो, सावलीत बसवतो, मग साहेब कितीही घाई करू देत. कुत्र्याचं भलं बघायचं असेल तर हँडलरला तो अधिकार आहे का हे विचारा, कामच बंद करा म्हणून काय मिळणार? आणि सुपारीचा दोष कुत्र्यांना कामाला लावणाऱ्यांवर टाकू नका, तो सुपारी देणाऱ्यांचा आहे.

राहिला प्रश्न डीव्हीडी आता कोण घेतं. कोणी नाही, कबूल. पण ही विद्या डीव्हीडीबरोबर संपली नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याच्या फॉरेन्सिक लॅबमधले केमिस्ट जॅक हबल यांनी हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड यांत सापडणारी केमिकल्स शोधून काढली, मुख्य म्हणजे ट्रायफिनाइल फॉस्फीन ऑक्साईड, आणि पोलिसांनी त्या वासावर कुत्रे शिकवले. २०१५ मध्ये इंडियाना राज्यात एका घराची झडती झाली, केस लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची होती, आणि झडती घेणाऱ्या माणसांच्या नजरेतून सुटलेला पेनड्राइव्ह बेअर नावाच्या काळ्या लॅब्राडॉरने हुंगून काढला. त्यालाही त्या पेनड्राइव्हमध्ये काय आहे ते कळत नव्हतंच. कळायची गरजही नव्हती, वॉरंट होतं आणि आत काय आहे ते बघायला माणसं होती. नखाएवढं मेमरी कार्ड भिंतीच्या फटीत लपवलं तर तुम्ही-मी जन्मात शोधू शकणार नाही, आणि त्या कार्डावर एखाद्या लेकराच्या छळाचा पुरावा असू शकतो. म्हणून कौतुक केलं, आणि परत करेन.

एक विनंती आहे. पार्सल संशयावरून उघडल्यावर ते परत कसं सील करतात, ज्याचं आहे त्याला तसं कळवतात का, आणि आत काही गैर निघालं नाही तर त्याची कुठे नोंद राहते का, हे तुम्ही आतून पाहिलंय. ते इथे खाली सविस्तर लिहाल का? पुढचा लेख त्याच विषयावर करायचा विचार आहे.