बॅटरीचा बाऊ: नाशिकमधल्या द्वारकेच्या गॅरेजवाल्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

प्रशिक्षण विमानांच्या वायरिंगवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “द्वारकेला वीस वर्षं गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करतोय. विमानाच्या इंजिनाला विजेची गरज नाही, ते मॅग्नेटोवर चालतं, हे तुम्हीच सांगता. मग बॅटरीचा एवढा बाऊ कशाला? स्टार्टर फिरवते ती बॅटरी चांगली. उतरली तर जंप द्यायचा आणि निघायचं. साध्या बॅटरीवर शिक्का मारून महाग विकायची, त्यासाठी ही सगळी भीती.”

(इतर वाचकांसाठी: मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्याच फिरण्यावर ठिणगीची वीज बनवणारं यंत्र.) किमतीबद्दल तुमची चीड मला समजते. विमानाचं सामान महाग आहे आणि ते फक्त दर्जामुळेच महाग आहे असं मी म्हणणार नाही. पण बाकीच्या मुद्द्यांवर मला बोलायलाच हवं, कारण तुमच्यासारखाच विचार करणारी हुशार माणसं मी हँगरमध्येही पाहिली आहेत.

गाडीच्या बॅटरीचं मुख्य काम काही सेकंदांचं असतं. स्टार्टर फिरला की पुढचं अल्टरनेटर बघतो, आणि तो बिघडला तर तुम्ही रस्त्याच्या कडेला थांबता. विमानाच्या बॅटरीची खरी परीक्षा अल्टरनेटर बंद पडल्यावर सुरू होते. तेव्हा रेडिओ, रडारला विमानाची ओळख देणारा ट्रान्सपॉन्डर, इंधनाचे काटे, सेसना 172 असेल तर पंखांच्या मागच्या कडेचे, उतरताना खाली करायचे फ्लॅपसुद्धा, सगळा भार एकट्या बॅटरीवर येतो. काचेच्या पडद्यांचं नवं कॉकपिट असेल तर क्षितिज दाखवणारं यंत्रही विजेवरच चालतं. अर्धी ताकद गेलेली बॅटरी सकाळी स्टार्टर झोकात फिरवेल, मल्टिमीटरवर 25 व्होल्ट दाखवेल, आणि ढगांखालून परत येताना दहा-पंधरा मिनिटांत मान टाकेल. म्हणून आम्ही ती पूर्ण चार्ज करून तिच्या एका तासाच्या दरानं, म्हणजे पूर्ण ताकदीची बॅटरी एका तासात संपेल एवढा, भार लावतो आणि 24 व्होल्टची बॅटरी 20 व्होल्टवर यायला किती मिनिटं लागतात ते मोजतो. पूर्ण ताकदीची 60 मिनिटं टिकते. 80 टक्क्यांची हद्द धरली तर 48 मिनिटं. काही निर्माते याहून वरची हद्द सांगतात. त्याखाली गेली की ती विमानातून उतरवायची, मग स्टार्टर कितीही छान फिरवत असो. जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशांवर येतो तेव्हा नाशिकच्या सकाळी तुमच्या गॅरेजसमोर गाड्या का उभ्या राहतात, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. थंडीत तीच बॅटरी आणखी कमी देते.

आता जंप. अल्टरनेटरला स्वतःचं चुंबकक्षेत्र उभं करायला आधी थोडा प्रवाह लागतो आणि तो बॅटरीकडून येतो. मास्टर स्विचनं ओढला जाणारा कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरीला बाकी यंत्रणेशी जोडणारा मोठा रिले, तोही बॅटरीच्याच जिवावर बसतो. मेलेल्या बॅटरीवर बाहेरून वीज देऊन इंजिन चालू केलं तर तिच्यात आणीबाणीसाठी काही उरलेलंच नसतं, आणि उड्डाणाच्या पहिल्या मिनिटांत अल्टरनेटर तिला भरण्यातच गुंतलेला असतो. मार्च 2007 मध्ये जर्मनीत स्पायरला डायमंड डीए 42 या दोन इंजिनांच्या विमानाचं काय झालं ते वाचा. बॅटरी उतरलेली होती म्हणून दोन्ही इंजिनं बाहेरच्या विजेवर चालू केली. खरं तर दुसरं इंजिन विमानाच्या स्वतःच्या विजेवर चालू करायचं असतं. उड्डाण झालं, वैमानिकानं चाकं आत घेतली, त्या मोटारीनं इतका प्रवाह ओढला की व्होल्टेज पडलं, आणि दोन्ही इंजिनांचे संगणक एकदमच रीसेट झाले. दोन्ही इंजिनं थांबली. ती डिझेल इंजिनं होती, त्यांना मॅग्नेटो नव्हते.

मॅग्नेटोबद्दल एक गोष्ट सांगतोच, तुमच्या धंद्याच्या अगदी उलट आहे. गाडीत इग्निशनची वायर तुटली की ठिणगी बंद. मॅग्नेटो बंद करायला मात्र त्याची वायर स्विचमधून अर्थ करावी, म्हणजे विमानाच्या सांगाड्याला जोडावी लागते. ती वायर तुटली तर किल्ली ‘बंद’वर असली तरी मॅग्नेटो जिवंत राहतो, आणि कुणी पंखा हातानं फिरवला तर इंजिन झटका देऊ शकतं. बंद विमानाच्या पंख्यालाही आम्ही हात लावू देत नाही तो यामुळे.

आणि वायरिंग. एका प्रशिक्षण विमानात हवेत असतानाच लो-व्होल्टेजचा दिवा लागायचा, जमिनीवर सगळं ठीक. आधी अल्टरनेटर दोनदा बदलला गेला, मग रेग्युलेटर. एकदा दिवा लागला तो विझेचना. प्रशिक्षकानं नको ते सगळं बंद केलं आणि रेडिओ चालू ठेवूनच परत उतरला. आदल्याच महिन्यात त्या बॅटरीची ताकद मोजून झाली होती. मी फील्डची वायर, म्हणजे अल्टरनेटरला चुंबकक्षेत्रासाठी प्रवाह नेणारी वायर, हातानं हलकेच ओढली तर ती रबरासारखी लांबली. आतले सगळे तार तुटलेले, वरचं आवरण शाबूत. टर्मिनलवर कुणीतरी सुबक डाग दिला होता. डागातलं शिसं तारांमधून वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि इंजिनाच्या थरथरीनं नेमका तिथेच तुटतो. म्हणून विमानात योग्य मापाच्या हत्यारानं टर्मिनल वायरवर दाबून बसवतात, म्हणजे क्रिंप करतात, आणि वायर क्लॅम्पनं धरतात. डाग देणाऱ्याचा हात चांगला होता हे मी मुद्दाम सांगतो. त्याला थरथरीचं कुणी सांगितलं नव्हतं.

तुमची एक सूचना मात्र मी उचलली आहे. “नुसता व्होल्टेज बघू नका, भार लावून अर्थच्या दोन टोकांत किती पडतो ते बघा,” असं तुम्ही शेवटी लिहिलंत. अगदी बरोबर. आमच्या प्रमाण पद्धतीतही सतत चालणाऱ्या भाराला 28 व्होल्टच्या यंत्रणेत 1 व्होल्ट आणि 14 च्या यंत्रणेत अर्धा व्होल्ट एवढीच घट मान्य आहे. चार महिन्यांच्या पावसानंतर ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर अर्थिंगच्या पट्टीखाली पांढरी भुकटी धरते. ती डोळ्यांनी दिसण्याआधी मल्टिमीटरवर दिसते. माझ्या लेखात हे यायला हवं होतं, आज घातलं.

आणि ज्या वाक्यावर तुम्ही बोट ठेवलंत, “इंजिनाला विजेची गरज नाही”, तेही बदललं. आता तिथे असं आहे: मॅग्नेटोचं इंजिन विजेशिवाय चालत राहतं, वैमानिकाला घरी यायला वीज लागते.