शैवालाचं वेष्टन छानच, पण द्राक्षाला चालेल का?

सूक्ष्म शैवालाचा अर्क घातलेल्या वेष्टनात फळं जास्त दिवस टिकतात, हे लेखात वाचून बरं वाटलं. मी निफाडकडचा, द्राक्ष पॅकिंगमध्ये बारा हंगाम काढलेत. आमच्याकडे निर्यातीच्या खोक्यात घडांवर सल्फर पॅड ठेवतात. आतल्या ओलाव्याने त्यातलं सोडियम मेटाबायसल्फाइट सल्फर डायऑक्साइड सोडतं आणि करडी बुरशी दबून राहते. पण प्रीकूलिंग, म्हणजे माल आधी थंड करून घेणं, नीट झालं नाही, खोक्यात पाणी सुटलं, की वायू भसकन बाहेर पडतो. मग देठाजवळून मणी पांढरे पडतात, चवही बिघडते. तेव्हा पर्याय हवाच आहे.

एक गोष्ट मात्र लेखात निसटली. स्पिरुलिना या सूक्ष्म शैवालातलं फायकोसायनिन हे निळं रंगद्रव्य उष्णतेला फार नाजूक, साठेक अंशांपुढे मोडायलाच लागतं. आणि पॉलिथिनची फिल्म ओढतात दीडशे अंशांच्या वर! म्हणजे अर्क स्टार्च किंवा कायटोसानच्या द्रावणात मिसळून कमी तापमानात वाळवायचा, नाहीतर सरळ फळावर लेप द्यायचा. (कायटोसान बहुतेक कोळंबी-खेकड्यांच्या कवचांचं असतं, शाकाहारी गिऱ्हाईक विचारणारच.)

लेप द्राक्षाला नको. मण्यावरची ती पांढरट मेणाची झाक पुसली गेली की माल शिळा दिसतो, आणि व्यापारी खोकं उघडल्यावर आधी तीच बघतो. आम्ही घड देठाला धरूनच उचलतो ते त्यासाठीच. स्ट्रॉबेरीवर करून बघा, तिला मुळात दोन-तीन दिवसांचंच आयुष्य. फक्त शैवालाचा तो मासळीसारखा वास फळाला लागतो का, ते कुणीतरी सांगा.