बसशेजारून धावण्याचे फायदे

भ्रष्ट खात्यात चिकटलात आणि हात मात्र स्वच्छ ठेवायचेत? सोपं आहे, कमळ व्हा. चिखलात उगवूनही डाग न लागणाऱ्या कमळाचं कौतुक झोउ दुन्यी नावाच्या चिनी विद्वानाने 1063 साली लिहून ठेवलं. हाँगकाँगची कँटनीज ही चिनी बोली बोलणारी माणसं आजही सचोटीच्या माणसाला त्याचेच शब्द लावतात. मात्र कमळ होण्याची कृती विचारायची ती हाँगकाँगच्या जुन्या पोलिसांना.

त्यांच्याकडे तीन वाटा होत्या. बसमध्ये चढा, म्हणजे हप्त्यात वाटा घ्या. नाहीतर बसशेजारून धावा. घेऊ नका, पण बोलूही नका. बसच्या पुढ्यात मात्र चुकूनही उभे राहू नका. न्यायमूर्ती ब्लेअर-कर यांच्या 1973 च्या चौकशी अहवालात ही बस नोंदलेली आहे.

तुमची वाट मधली. धावताना मान खाली असू द्या. रुग्णवाहिकेवाले आजाऱ्याला उचलण्याआधी चहापाणी मागताहेत? ते खातं वेगळं. इस्पितळातली आया पैसे घेतल्याशिवाय घोटभर पाणी देत नाही? तुम्हाला कुठे तहान लागलीय! वरिष्ठ पोलीस अधिकारी पीटर गॉडबर यांच्याकडे 43 लाख हाँगकाँग डॉलरहून जास्त माया निघाली? काटकसरी असतील बिचारे. जून 1973 मध्ये चौकशी चालू असतानाच ते पोलिसी पासावर काई ताक विमानतळातून सटकले आणि लंडनला पोचले. एकाही कमळाची पाकळी हलली नाही. याला म्हणतात शील!

काही लोकांना मात्र पाचपोच नसतो. एल्सी एलियट नावाच्या शिक्षिका वर्षानुवर्षं तक्रारी करत राहिल्या. तरुण पोरं व्हिक्टोरिया पार्कात जमून ‘गॉडबरला पकडा’ म्हणून ओरडली. झालं, 15 फेब्रुवारी 1974 ला स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी आयोग आला, 1975 च्या जानेवारीत गॉडबरना परत आणलं आणि चार वर्षांची शिक्षा झाली. केवढी ही दगदग!

बसमधल्यांची एकी मात्र शिकण्यासारखी. ऑक्टोबर 1977 मध्ये पोलिसांनी या आयोगाविरुद्ध मोर्चा काढला, काहीजण तर आयोगाच्या कार्यालयातच घुसले. पुढच्याच महिन्यात गव्हर्नर मॅक्लेहोज यांनी 1977 पूर्वीच्या बहुतेक भानगडींवर पडदा टाकला.

शेजारून धावणाऱ्यांना त्या माफीची गरजच पडली नाही. त्यांनी काही घेतलंच नव्हतं ना! नुसतं पाहिलं होतं, आणि पाहिल्याबद्दल कलम कोण लावतो?