“घ्यायची तर ३५०च” म्हणे!

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, आमच्या फॅमिली ग्रुपवर तर तिघांनी टाकला. बाईक घ्यायची तर ३५० सीसीच (सीसी म्हणजे इंजिनचा आकार) घ्या, छोटी गाडी म्हणजे पैसे पाण्यात, मोठीला पॉवर जास्त, जड म्हणून सेफ, हायवेला १००-१२५ चालतच नाही, आणि खर्चात फरक म्हणाल तर किरकोळ. माझा मावसभाऊ नुकताच चाकणला कामाला लागलाय, तो हे वाचून थेट बुकिंग करायला निघाला, म्हणून लिहितोय.

सीसी जास्त म्हणजे पॉवर जास्त, हे पहिलंच गंडलेलं. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चं इंजिन ३४९ सीसी, पॉवर साधारण २० बीएचपी. केटीएमच्या ड्यूक २०० चं इंजिन पुरतं २०० सीसीचं पण नाही आणि ती २५ च्या आसपास देते. क्लासिक कमी आरपीएमलाच, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच, २७ एनएम टॉर्क (ओढण्याचा जोर) देते म्हणून डुगडुगत आरामात ओढते, ड्यूकला पिळावं लागतं मग ती पळते. दोन्ही भारीच, पण स्वभाव वेगळा आणि तो सीसीच्या आकड्यावरून कळत नाही.

जड म्हणून सेफ? क्लासिक १९५ किलो, स्प्लेंडर ११२ च्या आसपास. म्हणजे मागे एक माणूस कायमचाच बसलाय असं धर. सरळ रस्त्यावर गाडी डगमगत नाही हे खरंय, मान्य. पण मोशीच्या ट्रॅफिकमध्ये दर दहा फुटांवर थांबताना, खडीवर पाय सरकला की, किंवा सोसायटीच्या उतारावरच्या पार्किंगमधून मागे ओढताना तेच वजन अंगावर येतं, आणि आमच्या भावाची उंची पाच-चार. सेफ्टी ब्रेकमध्ये असते रे. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) कंपल्सरी आहे, म्हणजे १६० घेतलीस तरी ते मिळतंच.

हायवेचं म्हणशील तर कुठला हायवे? मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर बाईकला बंदी, समृद्धीवर बंदी, अटल सेतूवरही बंदी. जुन्या हायवेने जायचं तर ट्रकच्या मागेमागेच जायचंय. हां, एक गोष्ट मात्र बरोबर आहे, डबलसीट आणि सामान घेऊन खंबाटकी चढायचा असेल तर १०० सीसी खरंच रडते, ट्रकला ओव्हरटेक करायची हिंमत होत नाही. पण हे वर्षातून किती वेळा? आणि १५०-१६० तिथेही बऱ्यापैकी निभावून नेते.

आता खर्च, जो म्हणे किरकोळ. भोसरी-चाकण जाऊन येऊन चाळीसेक किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १००० किमी. १०० सीसी ६० चं मायलेज देते असं धरलं तर १७ लिटर, ३५० ने ३२ दिलं तर ३१ लिटर. पेट्रोल १०४ रुपये धर, महिन्याला दीड हजाराचा फरक, वर्षाला अठरा हजार, त्यात टायर-सर्व्हिसिंग धरलेलंच नाही. नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा) ७५ ते १५० सीसीला ३,८५१ आणि १५० ते ३५० ला ७,३६५, वर जीएसटी. कोणी “मग ४०० च घे ना” म्हणेल, तर ३५० च्या पुढे हाच आकडा १५,११७ होतो आणि सप्टेंबर २०२५ पासून गाडीवर जीएसटी ३५० पर्यंत १८ टक्के आणि त्यापुढे ४० टक्के. शिवाय १०० आणि ३५० च्या ऑनरोड किमतीत लाखाच्या वर फरक आहे तो वेगळाच, भावाचा पगार सुरू होऊन चारच महिने झालेत!

मला स्वतःला ३५० आवडते, ज्याला दर महिन्याला कोकणात उतरायचंय आणि ईएमआयचं टेन्शन नाही त्याने खुशाल घ्यावी. भावाला सांगितलंय, रविवारी शोरूमला जाऊ, १२५ आणि १६० दोन्ही चालवून बघ, दोन्ही पाय पूर्ण टेकतात का बघ, आणि ३५० सुद्धा बघ पण आधी ती बंद करून उतारावरून मागे ढकलून दाखव. बजेटमधून पाचेक हजार आयएसआय हेल्मेट आणि ग्लोव्हजला आत्ताच बाजूला काढायला लावलेत.