हलशीचे मंदिर 4270 वर्षांचे नाही

गेल्या आठवड्यात नंदगडच्या आत्याने मला एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, "हे खरं आहे का रे?" खानापूर तालुक्यातील हलशीचे भूवराह नृसिंह मंदिर 4270 वर्षांपूर्वीचे, म्हणजे पिरॅमिडांच्या काळातले आहे; ते पांडवांनी एका रात्रीत उभारले; चुन्याविना दगड जोडण्याची ती विद्या आज कोणालाच येत नाही; तिथला शिलालेख अद्याप कोणाला वाचता आलेला नाही आणि नृसिंहाच्या आसनाखाली खजिना आहे, असे त्यात ठासून सांगितले आहे. हाच संदेश बेळगावच्या दोन-तीन गटांवरून माझ्याकडे आधीच आला होता आणि मी तो सोडून दिला होता. परंतु आत्याच्या नातवाने तो वाचून मेटल डिटेक्टर केवढ्याला मिळतो याची चौकशी सुरू केली आहे, हे कळल्यावर गप्प बसणे शक्य झाले नाही.

आधी 4270 या आकड्याकडे वळतो, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. हा आकडा कोणी मनाने रचलेला नाही, तो शिलालेखातच आहे, एवढे मान्य करावे लागेल. गोव्याच्या कदंब राजांच्या लेखांत शकाऐवजी कलियुगाचे वर्ष देण्याची रीत आढळते. त्यानुसार हलशीच्या लेखात कलियुगाची 4270 वर्षे लोटल्याचे, संवत्सराचे नाव 'विरोधी' असल्याचे आणि राज्य शिवचित्त पेर्माडीचे असल्याचे नमूद केले आहे. म्हणजे 4270 हे मंदिराचे वय नव्हे, ती लेखाची तिथी आहे. ज्याच्या घरात पंचांग आहे त्याला हा हिशेब स्वतः करून पाहता येईल. गतकलीतून, म्हणजे कलियुगाच्या लोटलेल्या वर्षांतून, 3179 वजा केले की शक मिळतो. 4270 मधून ते वजा केल्यावर शके 1091 येते आणि त्यात 78 मिळवले की इ.स. 1169. ताळा पाहायचा असेल तर 1091 मध्ये 12 मिळवून 60 ने भागावे. बाकी 23 उरते आणि साठ संवत्सरांतले तेविसावे नाव विरोधी हेच आहे. आत्याने पंचांगाच्या समासात पेन्सिलीने हा भागाकार केला आणि मला फोन करून बाकी सांगितली. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या लेखातले संवत्सर स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या पंचांगाने पडताळता येते, तर संदेश लिहिणाऱ्याला ते का करावेसे वाटले नाही?

मंदिर खरोखर 4270 वर्षांपूर्वी बांधले असते तर लेखात कलियुगाचे वर्ष साधारण 856 असायला हवे होते. शिवाय, याच पेर्माडीची राणी कमलादेवी हिने देगावला कमलनारायणाचे मंदिर बांधवले आणि तिथल्या लेखात कलियुगाचे वर्ष 4275 आहे. संदेशाची रीत लावली तर पाच वर्षांनी नंतरचा लेख पाच वर्षांनी जुना ठरतो. पांडवांचा मुद्दाही इथेच निकालात निघतो, कारण आपल्याच परंपरेप्रमाणे पांडवांच्या प्रस्थानाच्या सुमारास कलियुग सुरू झाले, आणि या लेखाच्या वेळी त्याची चार हजारांवर वर्षे उलटून गेली होती.

लेख कोणी वाचलेला नाही, हे विधान तर पहिल्या मुद्द्यालाच छेद देते. वाचलाच नसेल तर 4270 आले कुठून? ब्रिटिश पुरालेखतज्ज्ञ जॉन फेथफुल फ्लीट यांनी एकोणिसाव्या शतकातच हलशी आणि देगावचे लेख वाचून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. मी इथे दिलेली बहुतेक माहिती त्यांच्याच वाचनावर आधारलेली आहे.

चुन्याविना बांधकाम केल्याचे खरे आहे, परंतु त्यात गूढ काही नाही. घडीव दगड एकमेकांवर नीट बसवून वजनानेच पक्के ठेवण्याची पद्धत दख्खनच्या जुन्या देवळांत सर्रास दिसते. हलशी फार जुनी आहे, हेही खरे. पाचव्या शतकातील कदंबांच्या ताम्रपटांत ती पलाशिका या नावाने येते आणि कदंब राजा मृगेशवर्म्याने तिथे जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधवल्याची नोंद आहे. गाव दीड हजार वर्षांहून जुने आहे. आज उभे असलेले देऊळ मात्र बाराव्या शतकातले आहे. समोरासमोर दोन गाभारे, एकात नृसिंह आणि दुसऱ्यात वराह, ही त्याची रचना विरळ आहे आणि ती पाहायला मुद्दाम जावे इतकी देखणी आहे.

राहिला खजिना, आणि माझा खरा राग यावर आहे. गुप्तधनाच्या नादाने आडगावच्या देवळांतल्या मूर्ती रात्री उखडल्या जातात, वीरगळ फोडले जातात, आणि एकदा फुटलेली अक्षरे कोणत्याही फ्लीटला पुन्हा वाचता येत नाहीत. पेर्माडीने नृसिंहाला काय दिले हे त्याच लेखात आहे: देवाच्या पूजेअर्चेसाठी गाव इनाम दिले होते. जमिनीत पुरलेले धन सापडले तरी कायद्याप्रमाणे त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते आणि ती लपवणे हा गुन्हा आहे. हे सगळे मी आत्याच्या नातवाला फोनवर सांगितले. येत्या रविवारी त्याला घेऊन हलशीला जाणार आहे. सोबत पंचांग आणि वही घ्यायला त्याला सांगितले आहे.